एकतीस हिवाळ्यांच्या गोगलगाई

ज्या बाईने एकतीस वर्षे दर सोमवारी समुद्राची मोजदाद केली, तिला एका पानाच्या पत्राने खोटे ठरवावे, हा कुठला न्याय? पत्र शुक्रवारी दुपारी आले. बाईंनी ते दारातच उभ्याने वाचले, मग खुर्चीत बसून वाचले, आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचले, जणू घराच्या भिंतींनाही साक्षीला बोलवायचे होते.

पत्र सागरी संशोधन केंद्राच्या प्लवक विभागाचे होते. म्हणजे बाईंच्याच विभागाचे. तिथल्या नव्या प्रमुखाने, ज्याला सगळे नुसते डॉक्टर म्हणत, मोठ्या अदबीने लिहिले होते की गेल्या तीन हिवाळ्यांच्या मोजणीत कवच असलेले प्राणी जवळजवळ आढळलेच नाहीत. त्याआधीच्या एकतीस हिवाळ्यांच्या वह्यांत मात्र ते हजारोंनी नोंदलेले आहेत. आणि हा फरक नेमका निरीक्षक बदलल्यावर पडलेला आहे. "सबब पूर्वीच्या निरीक्षकाच्या नोंदी विश्वसनीय मानता येत नाहीत व त्या दीर्घकालीन मालिकेतून वगळण्यात याव्यात," असा प्रस्ताव येत्या बुधवारी समितीपुढे जायचा होता. बाईंकडे राहिलेली अनुक्रमणिकेची वही तेवढी कृपया परत करावी, अशी शेवटी विनंती होती.

पूर्वीचा निरीक्षक! एकतीस वर्षे ज्या खोलीत सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून मान आखडून घेतली, त्या खोलीने बाईंचे नावसुद्धा टाकून दिले होते. आणि वर विनंती, की खोटेपणाची अनुक्रमणिका तेवढी आणून द्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बाईंचे काम ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ते सांगून पटत नसे. समुद्राच्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव असतात. त्यांना प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसते, पाणी नेईल तिकडे ते जातात. त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. लहान मासे त्यांच्यावर जगतात, मोठे मासे लहान माशांवर, आणि माणसे दोघांवर. दर सोमवारी होडी तिसऱ्या बोयापाशी, म्हणजे खुणेसाठी नांगरलेल्या तरंगत्या पिंपापाशी जाई, बारीक कापडाची जाळी दहा मिनिटे पाण्यातून ओढली जाई, जाळीच्या शेपटाला बांधलेल्या बाटलीत जे जमेल ते फॉर्मॅलिनमध्ये टिकवले जाई, आणि मग त्यातला ठरावीक हिस्सा आखलेल्या तबकडीत ओतून बाई एकेक जीव ओळखून मोजत. डाव्या हातात खटका दाबायचे मोजयंत्र, उजव्या हातात सुई.

बाईंना वर्षाचे महिने दिनदर्शिकेवरून कधी पाहावे लागले नाहीत. वसंतात पाणी हिरवट झाले की वल्ह्यासारखे पाय मारणारे बारीक कोपेपॉड तबकडीत इतके दाटत, की खटका दाबून अंगठा सुजे. उन्हाळा चढला की खेकड्यांची काटेरी पिल्ले येत, डोक्यावर शिंग असल्याच्या ऐटीत, आणि त्यांच्यामागे सगळ्यांना गिळणारे जेलीफिश. उन्हाळा ओसरला की काचेच्या सुयांसारखे बाणकिडे. आणि थंडी पडली की पंखवाल्या गोगलगाई: वाळूच्या कणाएवढा शंख, आणि त्यातून निघालेले दोन पारदर्शक पंख. त्यांच्यासोबत शिंपल्यांची तान्ही पिल्ले, दोन झडपांची, नखाच्या चंद्रकोरीहूनही लहान. हिवाळ्यात त्यांना मोजताना बाईंना आपल्या घरी पाहुणे आल्यासारखे वाटे. आणि आता कोणी पोरसवदा मनुष्य म्हणत होता की हे पाहुणे कधी आलेच नव्हते, बाईंनीच त्यांची नावे वहीत घुसडली.

सून संध्याकाळी पाच वाजता कामावरून आली. ती त्याच केंद्रात, त्याच विभागात, बाईंच्याच खुर्चीवर बसत होती. बाई निवृत्त झाल्या तेव्हा परीक्षा देऊन, मुलाखत देऊन ती तिथे लागली होती. वशिल्याने लागली असे कोणी म्हणेल म्हणून बाईंनी मुलाखतीच्या दिवशी केंद्राच्या रस्त्यावर पाऊलही टाकले नव्हते. सुनेने टेबलावरचे पत्र पाहिले आणि खांद्यावरची पिशवी न काढताच उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"पंधरा दिवसांपूर्वी कळलं, आई."

"पंधरा दिवस माझ्या शेजारी बसून जेवलीस. वरण वाढ, भाजी वाढ, आणि हे पोटात ठेवून?"

सुनेने सांगितले की अहवाल डॉक्टरांनी लिहिला, तिने फक्त आकडे दिले. 'विश्वसनीय मानता येत नाहीत' हे वाक्य वाचल्यावर तिने त्यांना दोनदा सांगून पाहिले. डॉक्टर म्हणाले की यात व्यक्तिगत काही नाही. तेवढ्यात मुलगा घरात शिरला, प्रकरण ऐकले, आणि पुरुषमाणसे अशा वेळी जे म्हणतात ते म्हणाला, की जाऊ दे ना आई, निवृत्तीनंतर कशाला डोक्याला ताप. बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"तुझ्या मोजणीचे कागद दाखव," बाईंनी हुकूम सोडला.

कागद पिशवीतच होते. बाईंनी तीन वर्षांचे तक्ते टेबलावर पसरले आणि बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. सुनेची मोजणी नीट होती, हे त्यांना दुसऱ्याच पानावर कळले आणि मनातून थोडे बरे वाटले, पण तसे दाखवण्याची ती वेळ नव्हती. कोपेपॉड जागच्या जागी होते, बाणकिडे जागच्या जागी होते, खेकड्यांची पिल्ले आपल्या वेळेला आली आणि आपल्या वेळेला गेली होती. फक्त हिवाळ्याच्या पानांवर गोगलगाईंच्या आणि शिंपल्यांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. बाईंचे बोट उजवीकडे सरकत गेले आणि शेवटच्या रकान्यावर थांबले. रकान्याचे नाव होते 'अनोळखी'.

"हे काय?"

"ओळखू न येणारे. नुसते मऊ गोळे असतात, आई. आकार नाही, पाय नाहीत. मी खूप पुस्तकं चाळली."

"एकतीस वर्षांत माझे अनोळखी एका तबकडीत दहाच्या वर गेले नाहीत. तुझे चारशे?"

बाईंनी शून्याच्या रकान्यांवरून आणि अनोळखींच्या रकान्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवले. जितके पाहुणे दारातून नाहीसे झाले होते, साधारण तितकेच अनोळखी घरात येऊन बसले होते. बाईंना कारण कळले नव्हते; पण समुद्र खोटे बोलत नाही आणि आपणही बोललो नाही, तेव्हा लबाडी बाटलीत आहे, एवढी खूणगाठ त्यांनी बांधली.

"मला विचारलं का नाहीस? केंद्रातल्या कुणी का विचारलं नाही? केंद्रापासून तीन गल्ल्या पलीकडे राहते मी, परलोकात नाही."

या प्रश्नावर सुनेने मान वर करून सासूकडे क्षणभर पाहिले, आणि मग तक्ते गोळा करायला घेतले. बाईंना ते पाहणे खटकले. पण राग अंगात असला की खटकलेले तसेच राहून जाते.

सोमवारी सकाळी बाई धक्क्यावर हजर झाल्या. पायात जुने रबरी बूट, बगलेत अनुक्रमणिकेची वही, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. तोच नावाडी, तीच होडी. नावाड्याने हात धरून उतरवले आणि म्हणाला की बाई, होडी तेवढीच आहे, तुमचे गुडघे तेवढे मोठे झालेले दिसतात. बाईंनी त्याला विचारले की आजकाल सोमवारचा फेरा कसा असतो. तो म्हणाला, तसाच. सूनबाई तुमच्यासारखीच घड्याळ धरून बसते, दहा मिनिटांची अकरा होऊ देत नाही. आणि तुमच्यासारखीच ओरडते, अशी त्याने पुस्ती जोडली. सून पुढच्या बाकावर जाळी उलगडत होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

होडी सुटण्यापूर्वी बाईंनी धक्क्याच्या खांबाला हात लावला. ओहोटीची वेळ होती. खांब कमरेइतका उघडा पडला होता आणि त्याच्यावर शिंपल्यांची नवी वीण इतकी दाट चिकटली होती, की लाकूड दिसत नव्हते. बाईंनी त्यातली चिमूटभर नखाने खरवडून रुमालाच्या टोकात बांधली. अहवाल म्हणतो की तीन हिवाळे शिंपल्यांचे एक पिल्लू या पाण्यात जन्मले नाही. मग ही काय आभाळातून पडली? हातच्या काकणाला आरसा लागत नाही; पण ज्यांना हाताकडे पाहायचेच नाही, त्यांना आरसा दाखवणे भाग असते.

तिसऱ्या बोयापाशी जाळी पडली, दहा मिनिटे ओढली, वर आली. सून नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनची बाटली उघडायला गेली, तेव्हा बाईंनी तिचा हात धरला. आजचे अर्धे पाणी जिवंत राहू दे, म्हणाल्या.

प्रयोगशाळेत डॉक्टर पडद्यावरच्या आलेखापुढे बसले होते. वय पस्तिशीच्या आत, शर्ट कडक, बोलणे मऊ. बाईंना पाहून ते उठले, खुर्ची पुढे केली, हे त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, की या, या आजी.

"मी तुमची आजी नव्हे," बाई म्हणाल्या. "या खोलीत मला बाई म्हणतात. पत्रात 'पूर्वीचा निरीक्षक' म्हणालात, तेही चालवून घेतलं नसतं. पण ते तोंडावर सुनवायला तुम्ही समोर नव्हता."

डॉक्टर गोरेमोरे झाले. त्यांनी आलेख दाखवून समजावायला सुरुवात केली, की हे वैयक्तिक नाही, आकडेच बोलतात, एका रेषेची अशी एकाएकी दरड कोसळत नाही. बाईंनी ऐकून घेतले. मग त्यांनी जिवंत पाण्याचे चार चमचे तबकडीत ओतले, ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, नळी फिरवून डोळ्याशी जुळवली, आणि आपल्या जुन्या खुर्चीवरून उठून डॉक्टरांना म्हणाल्या, बसा.

डॉक्टर बसले. त्यांनी नळीला डोळा लावला. तबकडीत काय चालले होते ते बाईंना न पाहता ठाऊक होते: शंखांचे कण पंख मारत गोल गोल वर जात होते, दमत होते, बुडत होते, पुन्हा पंख मारत होते. त्यांच्यामध्ये झडपा मिटलेली शिंपल्यांची पिल्ले.

"या वर्षी परत आलेल्या असतील," डॉक्टर शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज मघासारखा गुळगुळीत राहिला नव्हता.

"आणि मोजलेल्या बाटल्यांत का नाहीत? तीन हिवाळे गेल्या कुठे, सुट्टीवर?"

बाईंनी रुमालाचे टोक सोडून खांबावरचे शिंपले त्यांच्यापुढे ठेवले आणि उत्तराची वाट न पाहता त्या तळघरातल्या भांडारात उतरल्या. दर आठवड्याच्या शिल्लक बाटल्या तिथे फळ्यांवर वर्षवार लावलेल्या असतात, आणि डॉक्टरांनी ती खोली रुजू झाल्या दिवशी एकदा पाहिली होती, पुन्हा नाही. बाईंनी आपल्या शेवटच्या हिवाळ्यातली एक बाटली काढली आणि सुनेच्या दुसऱ्या हिवाळ्यातली एक. दोन्ही वर आणून खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवल्या. बाईंच्या बाटलीत तळाला शंख चमकत होते, चार वर्षांनंतरही, जणू कोणी चांदीचा चुरा टाकला होता. सुनेच्या बाटलीत पाणी गढूळ होते आणि तळाशी पिठाच्या गुठळ्यांसारखे मऊ गोळे. तेच ते अनोळखी.

सुनेने तोंडावर हात ठेवला. तीन वर्षे ज्यांना ती पुस्तकांत शोधत होती, ते हेच, कवच विरघळून नागवे झालेले; आणि हे तिला दोन बाटल्या शेजारी ठेवल्याबरोबर कळले.

डॉक्टर मूर्ख नव्हते. त्यांनी खणातून निळा लिटमस कागद काढला आणि दोन्ही बाटल्यांत बुडवला. बाईंच्या बाटलीत तो निळाच राहिला. सुनेच्या बाटलीत तो लाल झाला. फॉर्मॅलिन जुने झाले की आंबट होते, आणि आंबट पाण्यात शंख असे विरतात, जसा लिंबाच्या रसात खडू. त्यातून पूर्वी बाई आठवड्याच्या बाटल्या आठवड्यातच मोजून मोकळ्या होत. सुनेच्या गळ्यात अहवाल आणि सादरीकरणे बांधल्यापासून बाटल्या तीन-तीन महिने रांगेत उभ्या राहत.

"तुमच्या बाटलीच्या तळाशी ही पांढरी भुकटी कसली?" डॉक्टरांनी विचारले.

"टाकणखार," बाई म्हणाल्या. "फॉर्मॅलिनच्या डब्यात दर महिन्याला घालायचा, तळाशी पांढरा थर दिसेपर्यंत. त्यानं आंबटपणा मरतो. हे शेंबड्या पोरालाही..."

आणि त्या बोलता बोलता थांबल्या, कारण सुनेचा चेहरा उतरला होता.

सुनेने खाली पाहत सांगितले, की तिच्या पहिल्या वर्षी सामानाच्या जुन्या यादीत टाकणखार होता खरा. तिने भांडारपालाला विचारले. तो हसत म्हणाला की टाकणखार सोनाराला लागतो, दागिने सांधायला, आपण इथे बांगड्या घडवतो का? आणि त्याने यादीतून ती वस्तू खोडली. तिने पद्धतीची वही काढून पाहिली. वहीत टाकणखार नव्हता. म्हणून तिने सोडून दिले. बाईंनी टाकणखार घालून ठेवलेला फॉर्मॅलिनचा जुना डबा पहिल्या हिवाळ्याच्या तोंडाशी संपला.

डॉक्टरांनी पद्धतीची वही मागवली. काळ्या कापडाची, कोपरे झिजलेली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बाईंच्या ठसठशीत अक्षरातली. जाळीची भोके किती, दोर किती हात, होडीचा वेग किती, चमचा कोणत्या मापाचा, बाटली उलटी किती वेळा करायची: सगळे होते. टिकवण्याच्या पानावर लिहिले होते, 'फॉर्मॅलिन, शंभरात चार'. त्याखाली रेघ, आणि पुढचा मुद्दा.

बाईंनी ते पान दोनदा वाचले. मग पान उलटून मागे पाहिले, जणू ती ओळ घाबरून मागच्या बाजूला जाऊन लपली असेल. त्यांनी ती कधी लिहिलीच नव्हती. भाजीत मीठ घालावे असे कोणी वहीत लिहून ठेवते का? एकतीस वर्षे टाकणखार त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता, स्वतःच्या डोळ्याने थर पाहिला होता, आणि ज्या कामाला दुसऱ्याचा हात लागत नाही ते कागदावर उतरत नाही.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आता थोडा हुरूप परतला. कोणाची तरी चूक सापडली म्हणजे अधिकाऱ्याला असा हुरूप येतोच. ते सुनेकडे वळून म्हणाले, की म्हणजे ही निरीक्षकाची चूक झाली; आणि तसे अहवालात नोंदवावे लागेल. शिवाय त्यांना एक समजत नव्हते.

"वहीत नव्हतं, मान्य. पण तुम्ही एका घरात राहता. एका शब्दानं विचारायचं होतं यांना. का नाही विचारलंत?"

सुनेने तबकडीचा काठ बोटांनी धरला होता आणि ती मान वर करत नव्हती. बाईंना शुक्रवारचे ते क्षणभराचे पाहणे आठवले, आणि त्याच्या मागचेही सगळे आठवले.

निवृत्तीचा दिवस. याच खोलीत, याच खुर्चीपाशी. हारतुरे झाले, भाषणे झाली. आणि नवी निरीक्षक म्हणून सून किल्ल्या घ्यायला पुढे आली, तेव्हा बाईंनी पद्धतीची वही तिच्या हातात ठेवून दहा माणसांदेखत म्हटले होते, 'यात सगळं आहे. घरात मी सासू आहे, इथली बाई नाही. यातलं काही मला विचारायला येशील तर मी समजेन की खुर्ची तुला झेपत नाही.' लोक हसले होते. बाईंना स्वतःचे ते बोलणे फार शोभले असे वाटले होते. संध्याकाळी त्यांनी ते मुलालाही सांगितले होते.

सून हे आता सांगू शकत होती. एका वाक्याचे काम होते. दहा साक्षीदार याच इमारतीत होते. ती सांगत नव्हती, आणि शुक्रवारीही तिने सांगितले नव्हते, जेव्हा समोर फक्त सासू होती आणि न्यायाची बाजू सुनेची होती.

"तिनं विचारलं नाही, कारण मी तिला बजावलं होतं विचारू नकोस म्हणून," बाई म्हणाल्या. "दहा जणांसमोर बजावलं होतं. आणि वहीत लिहिलं नाही, तेही मीच. माझं चुकलं."

हे दोन शब्द त्या तोंडातून सुनेने लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते, आणि बाईंनाही ते उच्चारताना जीभ परक्याची झाल्यासारखी वाटली. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. चूक कबूल केली म्हणजे राग विझला असे काही नसते.

"आता तुमचं सांगा, डॉक्टर. हिला मी दरडावलं होतं. तुम्हाला कुणी दरडावलं होतं? वाक्य लिहिण्याआधी एक जिना उतरून एक बाटली उघडली असती, तर हे तुम्हाला पाच मिनिटांत दिसलं असतं. एकतीस वर्षं मोजणाऱ्या माणसाला खोटं ठरवायला तुम्हाला जिनासुद्धा उतरावासा वाटला नाही."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. ते पडद्यापुढे बसले, अहवाल उघडला, आणि बाईंच्या देखत ते वाक्य पुसले. त्याजागी बाईंनी सांगितले तसे लिहिले: पूर्वीच्या एकतीस वर्षांच्या नोंदी बरोबर आहेत, नंतरच्या तीन हिवाळ्यांत टिकवण्याच्या द्रवात टाकणखार नसल्यामुळे कवचे विरघळली, पद्धतीच्या वहीत ही सूचना लिहिण्याचे पूर्वीच्या निरीक्षकाकडून राहून गेले. 'पूर्वीच्या निरीक्षकाकडून' हे शब्द बाईंनी खोडायला लावले आणि तिथे स्वतःचे पूर्ण नाव घालायला लावले. मग डॉक्टरांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. बुधवारी समितीपुढे हेच जाईल, असा शब्द त्यांनी दिला. एकतीस वर्षांच्या वह्या मालिकेत राहिल्या, आणि सोबत आणलेली अनुक्रमणिकेची वही बाईंनी त्यांच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी पेनाचे टोपण काढून पद्धतीच्या वहीत टिकवण्याच्या पानावर, रेघेच्या वरच्या अरुंद जागेत, टाकणखाराची ओळ लिहिली, प्रमाणासकट. खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली.

प्रकरण मिटल्याच्या आनंदात डॉक्टरांना एक कल्पना सुचली. ते म्हणाले, की मग त्या तीन हिवाळ्यांची खळगी तरी का ठेवायची? बाईंच्या एकतीस वर्षांची सरासरी काढून तिथे भरता येईल, बाईंचेच आकडे, रेषा सलग दिसेल, आणि एक प्रकारे बाईंचा सन्मानही होईल.

बाई ताडकन उठल्या. गुडघे कळवळले, तिकडे त्यांनी लक्ष दिले नाही.

"माझ्या सन्मानासाठी समुद्राच्या तोंडी माझे शब्द घालणार? त्या तीन हिवाळ्यांत तिथे किती होत्या, कमी होत्या की जास्त, हे आता कुणालाच कधी कळायचं नाही. मलाही नाही. ते गेलं. आमच्या दोघींच्या हातून आणि तुमच्या आळसातून गेलं. गेलं म्हणूनच दिसू द्या."

"मग शून्यच ठेवू या," डॉक्टर घाईने म्हणाले.

"शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. आपण पाहिलं नाही. जागा रिकामी ठेवायची, आडवी रेघ मारून."

सुनेने गेल्या तीन हिवाळ्यांचे तक्ते काढले आणि पट्टी घेतली. बाईंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसल्या. ती खुर्ची आता सुनेची होती. त्या तारखा वाचू लागल्या, सून शून्यावर शून्य खोडून रेघ मारू लागली, प्रत्येक रेघेपाशी आपली लहानशी सही करत. चौथ्या सोमवारापाशी तिचा हात थबकला. बाईंनी तारीख पुन्हा वाचली, या वेळी हळू, आणि ती रेघ मारून होईपर्यंत पुढची वाचली नाही.

डॉक्टर पडद्यापासून उठून मागे उभे राहिले होते, हात मागे बांधून, कोणाच्या घरी चुकीच्या वेळी गेलेल्या पाहुण्यासारखे.

"उभे काय राहिलात?" बाई वळून न पाहताच म्हणाल्या. "शिंपल्यांचा रकाना वेगळ्या कागदांवर आहे. तो घ्या, आणि पट्टी सरळ धरा."